हिंदू कायदा समिती (राव समिती)

हिंदूंच्या वारसा व विवाह कायद्यांत सुधारणा सुचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने 1941 मध्ये नेमलेली समिती. अध्यक्ष बेनेगल नरसिंग राव. सदस्यांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. निमित्त होते 1937 च्या कायद्याने विधवांना दिलेल्या, पण संदिग्ध राहिलेल्या मालमत्ता-हक्काचे.

1944 मध्ये पुन्हा नेमलेल्या समितीने मसुदा रचला: एकपत्नीत्व, घटस्फोट आणि मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाच्या निम्मा वाटा. आज हा वाटा तोकडा वाटतो. तेव्हा त्यावरून वादळ उठले. 1945 मध्ये मुंबई, पुणे, लाहोर, मद्रास येथे फिरून समितीने साक्षी घेतल्या. सदस्य द्वारकानाथ मित्तर यांनी तर विरोधी मतच नोंदवले.

डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलाचा पाया हाच मसुदा. मुलीला मुलाइतका वाटा 1956 च्या वारसा कायद्याने मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र 2005 मध्ये.