मालकाचा धर्म आणि मजुराचें औषध

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 30 जून 2014 रोजीं दिलेला एक निकाल आमच्या कित्येक वाचकांस स्मरत असेल. हस्तकलेचें सामान विकणाऱ्या 'हॉबी लॉबी' या दुकानांचे मालक निष्ठावंत ख्रिस्ती. नोकरांच्या आरोग्यविम्यांत संततिनियमनाचीं साधनें असलींच पाहिजेत असा दंडक सरकारनें घातला, तेव्हां त्यांपैकीं चार साधनें आपल्या धर्मबुद्धीस मानवत नाहींत, अशी हरकत त्यांनीं घेतली. आणि पांच विरुद्ध चार मतांनीं ती ग्राह्य ठरली. ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांतील कामगारांच्या विम्यांत मात्र मालकाच्या अशा हरकतीस कायद्यानें जागाच ठेविली नाहीं. आमचे मालक कमी धर्मशील आहेत, असें कोणी म्हणणार नाहीं. फाटकाशीं देव्हारा नसलेला कारखाना या भागांत शोधावाच लागेल. कारण निराळें आहे, आणि तें समजण्यास शंभर वर्षें मागें जावें लागतें.

मालकाचा धर्म नोकराच्या आड कसा येतो, हें मुंबईनें 1925 सालींच पाहिलें होतें. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन महाविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक. 1921 सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, 1923 सालीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें. महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांचें. चालकांस हा प्रचार रुचला नाहीं, आणि कर्व्यांस राजीनामा द्यावा लागला. गणिताच्या तासाशीं या प्रचाराचा संबंध काय, असें आज कोणीहि विचारील. पण संस्था ज्याची, नीति त्याची, हा त्या काळचा न्याय होता. केवळ मिशनऱ्यांस दोष देऊन मोकळें होणें मात्र प्रामाणिकपणाचें नव्हे. 'समाजस्वास्थ्य' मासिकाबद्दल पुढें कर्व्यांवर खटले झाले, तेव्हां आमचे सनातनी कांहीं त्यांच्या पाठीशीं उभे राहिले नाहींत. आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजीं रोहम यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलेला संततिनियमनाचा ठराव फेटाळला तो आपल्याच सभासदांनीं.

याच सुमारास दुसरा एक वाद चालू होता : मजुराच्या आजारपणाचा आणि बाळंतपणाचा पैसा कोणीं द्यावा? 28 जुलै 1928 रोजीं प्रसूति-साहाय्याच्या विधेयकावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं असें मत मांडलें कीं, हा भार मुख्यत्वें सरकारचा. तथापि स्त्रियांच्या श्रमांवर नफा मिळविणाऱ्या मालकानेंहि कांहीं वांटा सोसला पाहिजे. 1929 सालीं कायदा झाला, त्यानें सगळा भार एकट्या मालकावर टाकला. हेतु चांगला, पण ज्याच्या खिशांतून पैसा जातो त्यास अटी घालण्याची बुद्धि होतेच. अशा कायद्यामुळें मालक बायकांस कामावर घेण्याचेंच टाळतो, हा अनुभव पुढें अनेक ठिकाणीं आला.

या गांठीची उकल प्रा. अडारकर यांच्या योजनेंत सांपडते. सरकारनें 1943 सालीं त्यांस नेमलें, 1944 सालीं त्यांनीं अहवाल दिला, आणि 1948 सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. मालक व कामगार या दोघांची वर्गणी एका महामंडळाच्या निधींत पडावी आणि उपचार त्या निधींतून व्हावा, हें त्याचें मर्म. (2019 पासून मालकाचा वांटा वेतनाच्या 3.25 टक्के व कामगाराचा 0.75 टक्के आहे.) पैसा एकदां निधींत पडला कीं त्यावर मालकाची श्रद्धा लिहिलेली राहत नाहीं. योजना 1952 सालीं कानपूर व दिल्ली येथें आणि 1954 सालीं मुंबईंत सुरू झाली. पुढें ठाण्यास आणि उल्हासनगरास तिचीं रुग्णालयें उभीं राहिलीं. संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विमाधारक पुरुषास 7 दिवस व स्त्रीस 14 दिवस पूर्ण वेतनाइतका भत्ता देण्याचा नियमहि तींत आला. ज्या विषयापायीं कर्व्यांची प्राध्यापकी गेली, त्याच विषयासाठीं गिरणी-कारखान्यांतील माणसास भरपगारी विश्रांति मिळूं लागली, आणि त्या भत्त्यांत सनातनी मालकाचाहि पैसा होता!

तो कायदा आतां 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला आहे. परंतु या विम्यास वेतनाची मर्यादा आहे. 2017 सालीं ती महिना 21,000 रुपये ठरली. डोंबिवलीहून रोज लोकलनें मुंबईस जाणारे आमचे बहुतेक वाचक तिच्या वर आहेत. त्यांचा विमा कचेरीमार्फत काढिलेल्या सामुदायिक पॉलिसीचा. ती मालक आपल्या पसंतीनें विकत घेतो, आणि तींत कोणता उपचार असावा व कोणता नसावा हें ठरतें तेव्हां नोकर त्या मेजाशीं नसतो.