महामारीत पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय का कोलमडतो? शिरपूरच्या महामार्गाचं उदाहरण

महामारीत पर्यटनाचं नुकसान म्हटलं की गोव्याचे रिकामे किनारे आठवतात. पण धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरमध्येही हाच व्यवसाय आहे, फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही. शिरपूरला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन नरडाणा. मुंबई-आग्रा महामार्ग इथून पळासनेरमार्गे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे जातो. शेवभाजीचे ढाबे, लॉज, चहाच्या टपऱ्या या सगळ्यांचं पोट याच रस्त्यावर चालतं.

२०२० मध्ये काय झालं?

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. रेल्वे, एसटी, विमानं थांबली. केंद्राने १५ एप्रिलच्या आदेशात महामार्गावरच्या ढाब्यांना २० एप्रिलपासून सशर्त परवानगी दिली. म्हणजे कागदावर ढाबे सुरू झाले. पण रस्त्यावर मुख्यतः मालाचे ट्रक होते. बस आणि कुटुंबाच्या गाड्या नव्हत्या.

मे महिन्यात हजारो मजूर पायी, सायकलवर, ट्रकमधून बिजासन घाटातल्या राज्य सीमेकडे निघाले. रस्ता माणसांनी भरला, पण त्यांच्या खिशात पैसे नव्हते. ठिकठिकाणी लोकांनीच त्यांना जेवण-पाणी दिलं.

महाराष्ट्रात लॉज ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने आणि रेस्टॉरंट ५ ऑक्टोबरपासून ५० टक्के क्षमतेने सुरू झाले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा फक्त पार्सल उरलं.

तोटा भरून का निघत नाही?

कापसाला भाव नसेल तर खान्देशातला शेतकरी तो काही दिवस घरात ठेवतो. लॉजची रिकामी गेलेली रात्र अशी साठवता येत नाही. आज न विकलेली खोली उद्या दुप्पट विकली जात नाही. जागेचं भाडं आणि बँकेचा हप्ता मात्र सुरूच राहतो. शिवाय निम्म्या टेबलांवर व्यवसाय केला, तरी खर्च निम्मा होत नाही.

फटका कुणाकुणाला?

हॉटेल बंद झालं की भाजीवाला, दूधवाला, आचारी, वाढपी, मंडपवाला असे सगळेच अडकतात. खान्देशात आखाजीच्या आसपास लग्नसराई जोरात असते. २०२० ची आखाजी (२६ एप्रिल) लॉकडाऊनमध्ये गेली. २०२१ च्या आखाजीला लग्नावर २५ माणसं आणि दोन तासांची मर्यादा होती. सलग दोन हंगाम हातचे गेले. कॉलेजं बंद झाल्याने शिरपूरसारख्या शिक्षणाच्या गावात विद्यार्थ्यांच्या मेसही थांबल्या.

देशाचं चित्र

भारतात २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२० मध्ये ही संख्या २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर आली. एनसीएईआर या संस्थेच्या अभ्यासानुसार एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांतच पर्यटनाशी जोडलेले सुमारे १ कोटी ४५ लाख रोजगार गेले.

मदत कुणापर्यंत पोहोचली?

केंद्राने हमी असलेल्या कर्जाची योजना मार्च २०२१ च्या अखेरीस हॉटेल आणि पर्यटन व्यवसायालाही लागू केली. पण त्यासाठी आधीचं बँक कर्ज असणं गरजेचं होतं. जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त पर्यटन संस्थांना १० लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत गाइडना १ लाखापर्यंत कर्ज जाहीर झालं. रोजंदारीवरच्या वाढप्याचं नाव या दोन्ही योजनांत कुठेच बसत नव्हतं.

महामारी आधी प्रवास थांबवते, मग प्रवासावर जगणाऱ्यांची कमाई. त्यातही ज्यांची कुठे नोंदच नाही, त्यांना मदत सर्वात शेवटी मिळते किंवा मिळतच नाही. असंघटित कामगारांच्या नोंदीसाठी २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल सुरू झालं. ढाब्यावरचा आचारी, वाढपी किंवा भांडी घासणारी बाई यांनाही तिथे मोफत नोंदणी करता येते. पुढच्या संकटात मदत पोहोचवायची असेल, तर आधी ही माणसं यादीत असायला हवीत.