विद्युत् चुंबकीय प्रकीर्णनाचे संगणन
रेडिओ तरंग विमान, जहाज यांसारख्या वस्तूवर आदळले असता तिच्या पृष्ठभागावर विद्युत् प्रवाह निर्माण होतात व ते सर्व दिशांना नवे तरंग उत्सर्जित करतात. यास प्रकीर्णन म्हणतात. रडारला विमान किती ठळक दिसेल, हे त्यावरूनच ठरते. मॅक्सवेल यांची समीकरणे १८६५ पासून ज्ञात असली, तरी त्यांची अचूक उत्तरे मोजक्याच आकारांसाठी मिळतात. आर्नोल्ट झोमरफेल्ट यांनी सरळ कडेच्या अर्धप्रतलाचे (१८९६) व गुस्टाफ मी यांनी गोलाचे (१९०८) उत्तर काढले. विमान यांपैकी कशातच बसत नाही.

संगणक आल्यावर पृष्ठभागाचे लहान तुकडे पाडून प्रत्येकावरील अज्ञात प्रवाह एकसामयिक समीकरणांनी काढणे शक्य झाले. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ मधील ग्रंथामुळे ही ‘परिबल पद्धती’ रूढ झाली. मात्र तुकडा तरंगलांबीच्या सु. दशांशाएवढा असावा लागतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी ४५ मी. व्यासाची आहे. तिची जाळी अखंड पत्रा मानून २१ सेंमी. तरंगलांबीसाठी गणित मांडल्यास सु. ३६ लाख तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा प्रत्येकावरील परिणाम नोंदवावयाचा, म्हणजे सु. १३ लाख कोटी पदे झाली. १९७० च्या सुमाराच्या संगणकांपुढे हा विचारही व्यर्थ होता.

मोठ्या वस्तूंसाठी जोसेफ केलर यांनी १९६२ मध्ये किरणांचा मार्ग दाखविला : कडेवर पडलेल्या किरणापासून विवर्तित किरणांचा शंकू निघतो व त्याची तीव्रता साध्या सूत्राने मिळते. परंतु छायेच्या सीमेवर हे सूत्र अनंत उत्तर देई. नेमका तेथेच अभियंत्याला आकडा हवा असे. मुंबई विद्यापीठाचे भौतिकीचे पदवीधर प्रभाकर पाठक यांनी ओहायओ स्टेट विद्यापीठात रॉबर्ट कूयूमजिअन यांच्यासमवेत ही अडचण दूर केली. त्यांच्या १९७४ मधील निबंधात केलर यांच्या सूत्राला फ्रेनेल समाकलावर आधारित एक संक्रमण-फलन जोडले आहे. छायेची सीमा ओलांडताना मूळ किरण एकाएकी नाहीसा होतो. तेवढीच उलट उडी विवर्तित किरण घेतो आणि बेरीज अखंड राहते. सीमेपासून दूर या फलनाचे मूल्य १ होते व केलर यांचे सूत्र जसेच्या तसे उरते. एवढ्या छोट्या दुरुस्तीने मूळ सिद्धांत व्यवहारात वापरण्याजोगा झाला, हे विशेष होय.

पुढे सदाशिव राव, डॉनल्ड विल्टन व ॲलन ग्लिसन यांनी १९८२ मध्ये त्रिकोणी तुकड्यांची योजना मांडल्याने कोणताही वक्र पृष्ठभाग परिबल पद्धतीत बसू लागला. १९९० नंतर दूरच्या तुकड्यांचा परिणाम गटागटाने मोजणाऱ्या जलद पद्धतींनी तिचा आवाका वाढविला. तरीही संपूर्ण जहाजासाठी किरणपद्धती सोयीची ठरते. एंजिनाच्या हवामुखासारख्या पोकळीत मात्र किरण असंख्य वेळा परावर्तित होतात. तेवढा भाग तुकडे पाडून सोडवितात व त्याचे उत्तर किरणांच्या गणितास जोडतात.