पक्ष बदलणारा मतदार



साहित्याच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाने निवडणुकांच्या अभ्यासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु १९६७ सालापासून आपल्या गोमंतकात मतदाराविषयी जी दोन वाक्ये ऐकत मी वाढलो, त्यांची शहानिशा कशी करावी हे मला व्ही. ओ. की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या एका छोटेखानी ग्रंथाने दाखविले. (‘की’ हे त्यांचे आडनाव. मराठी कानाला ते उभयान्वयी अव्यय वाटते, त्याला इलाज नाही.)

प्रा. की यांचा जन्म १९०८ सालचा, टेक्ससमधला. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हा ग्रंथ अपुरा होता. मिल्टन कमिंग्ज यांनी तो सिद्ध केला आणि १९६६ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्याचे मोल कळण्यासाठी आधीचे चित्र पाहिले पाहिजे. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यातल्या त्याच त्या सुमारे ६०० लोकांच्या मे ते नोव्हेंबर या काळात पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. त्यांना आढळले ते असे : माणसाची सांपत्तिक स्थिती, धर्मपंथ आणि शहर वा खेडे येथील वास्तव्य यांवरून त्याचे मत बव्हंशी ओळखता येते, प्रचार त्याला बदलीत नाही, असलेल्या कलालाच दुजोरा देतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९६० मध्ये पक्षनिष्ठा बहुधा घरातूनच येते, असे दाखविले. थोडक्यात, मतदाराला पक्ष गोत्रासारखा मिळतो! आणि जे थोडे लोक मत बदलतात ते राजकारणात फारसा रस नसलेले, असा समज दृढ झाला. हा समज खरा मानला, तर सत्तांतर घडविणारा मतदार हा सर्वांत अजाण ठरतो. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्याला हा निष्कर्ष गिळणे कठीण.

प्रा. की यांनी गॅलप संस्थेने १९३६ ते १९६० या काळात केलेल्या पाहण्यांची माहिती हाती घेतली आणि मतदारांचे तीन वर्ग पाडले : पूर्वीच्याच पक्षाशी टिकून राहिलेले, पक्ष बदललेले आणि नव्याने मत देणारे. प्रश्न साधा होता. पक्ष बदलणाऱ्याचे मत आणि सरकारी धोरणांविषयीचे त्याचे म्हणणे यांचा मेळ बसतो काय? तो बसला. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांना मत दिलेले, परंतु त्यांची आर्थिक धोरणे न पटलेले लोक १९४० मध्ये विल्की यांच्याकडे अधिक प्रमाणात वळले होते. ज्यांना ती पटली ते बहुतांशी जागचे हलले नव्हते. शिवाय पक्ष बदलणारे हे टिकून राहणाऱ्यांपेक्षा अजाण असल्याचेही दिसले नाही.

या मांडणीवर आक्षेप घेतला गेला आणि तो वजनदार आहे. आधी आवडता उमेदवार ठरवून मग त्याची धोरणे आपलीशी करणारेही असतात. मागच्या खेपेस कोणाला मत दिले, याची आठवणही सोयीस्कर असू शकते. तरीही मला प्रा. की यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. निदान त्यांनी मतदाराला तुच्छ लेखण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

आता आपल्याकडे वळू. डिसेंबर १९६३ मध्ये गोमंतकाने विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्ता दिली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. अंतर ३४,०२१. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आम्हां मराठीप्रेमींच्या घरांतून तेव्हा ऐकू येई : ‘जानेवारीत लोक भुलले.’ पलीकडच्या घरांतून ऐकू येई : ‘मार्चमध्ये लोक पुन्हा जातीवर गेले.’ दोन्ही वाक्यांत मतदार अडाणीच. कूळकायदा, खेड्यापाड्यांतल्या शाळा यांसाठी बांदोडकर हवेत, पण पणजीचे सरकार मुंबईत विरघळू नये, असा विचार काहींनी जाणूनबुजून केला असेल, ही शक्यता कोणत्याच अंगणात बोलली जात नसे.

मात्र ती शक्यताच आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. विलीनीकरणाला पडलेल्या ४३ टक्क्यांहून थोड्या अधिक मतांतून, विरोधी मते विभागली गेली असता, विधानसभेत बहुमत उभे राहू शकते; त्यासाठी एकाही मतदाराने बाजू बदलण्याची गरज नाही. मतपेटीतील बेरीज माणसांची संख्या सांगते, माणूस सांगत नाही. तेव्हाच्या मतदारांतले जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या पुढचे आहेत. या शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे. जानेवारीत काय केले आणि मार्चमध्ये काय, हे विचारावे, आणि ‘का’ हा प्रश्न शेवटी विचारावा.