वाळवंटात सार्वजनिक स्विमिंग पूल बांधताना काय काय विचार करावा लागतो?

ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधोमध ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे. वर्षाला सरासरी २८० मिमीच्या आसपास पाऊस, पिण्याचं पाणी जमिनीखालून उपसलेलं. तरीही या शहरात सार्वजनिक जलतरण केंद्र आहे. एवढंच नाही, तर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या काही छोट्या मूलनिवासी वस्त्यांमध्येही पूल बांधलेले आहेत. ही पाण्याची उधळपट्टी नाही का?

मुळात पूल हवाच कशाला?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगलाँग आणि मुगारिन्या या दोन मूलनिवासी वस्त्यांमध्ये २००० साली पूल सुरू झाले. धूळ आणि दाटीवाटीची घरं यामुळे तिथल्या मुलांमध्ये त्वचेवर पू होणारे फोड आणि कानाचे आजार सर्रास आढळायचे. डॉक्टरांनी पूल सुरू होण्याआधी आणि नंतर मुलांची तपासणी केली. दीड वर्षात फोड असलेल्या मुलांचं प्रमाण एका वस्तीत ६२ टक्क्यांवरून १८ वर, तर दुसरीत ७० वरून २० वर आलं. कानाच्या पडद्याला छिद्र असलेली मुलं दोन्हीकडे ३२ टक्के होती, ती १३ आणि १८ टक्क्यांवर आली. हा अभ्यास २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

कानांबाबत मात्र लगेच हुरळून जायला नको. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत चार आठवडे मुलांना पोहायला लावून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानांना फायदा दिसला नाही. पण मुलांना रोज स्वच्छ पाण्यात डुंबायला मिळणं ही वाळवंटात छोटी गोष्ट नाही. काही वस्त्यांनी तर 'शाळा नाही, तर पूल नाही' असा नियमच केला.

पाणी पितं कोण?

बांधकामाच्या दृष्टीने खरा शत्रू ऊन नाही, कोरडी हवा आहे. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये मोजणीसाठी ठेवलेल्या उघड्या भांड्यातून वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाणी उडून जातं. म्हणजे पावसाच्या दहापट. मोठ्या तलावातून थोडं कमी उडतं. दिवसाला ६ मिमी धरलं, तरी ५० बाय २५ मीटरच्या पूलमधून रोज ७,५०० लिटर पाणी हवेत जातं. पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर बाहेर येणारं आणि सांडणारं पाणी वेगळंच.

पाणी उडताना उष्णताही घेऊन जातं. आपल्याकडचा माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. वाळवंटातला उघडा पूल म्हणजे एक अवाढव्य माठच. म्हणून बाहेर ४० अंश तापमान असलं तरी पाण्याबाहेर आलेलं ओलं पोर वाऱ्यात कुडकुडतं. उन्हाळ्यात हे चालून जातं. पण वाळवंटातल्या हिवाळी रात्री चांगल्याच थंड असतात. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये जुलैत किमान तापमान सरासरी ४ अंशांच्या आसपास असतं. तेव्हा पूल गरम ठेवायचा, तर उडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६७ युनिट उष्णता भरून काढावी लागते.

म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, तर रात्री पाण्यावर अंथरायचं कव्हर. पाणी आणि उष्णता, दोन्ही त्याने वाचतात. दुसरा उपाय वाऱ्याची अडवणूक. इथे भक्कम भिंतीपेक्षा वारा थोडा झिरपू देणारी जाळी किंवा झुडपांची रांग बरी, कारण भिंतीवरून उडी मारून आलेला वारा पलीकडे भोवरे करतो. झाडं मात्र थोडी लांबच लावायची, नाहीतर पालापाचोळा काढण्यात दिवस जातो.

ऊन, क्लोरीन आणि तळपाय

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पाण्यातलं क्लोरीन काही तासांत नाहीसं होतं. म्हणून उघड्या पूलमध्ये सायन्युरिक आम्ल घालतात. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण प्रमाण वाढलं तर क्लोरीनचं जंतू मारण्याचं कामच मंदावतं. त्यापेक्षा सावली परवडली. निदान लहान मुलांच्या उथळ पूलवर तरी ताणलेलं कापडी छत हवंच. भोवतालची फरशी फिक्या रंगाची आणि खरखरीत असावी. गडद फरशीवर दुपारी अनवाणी पाय ठेवणं म्हणजे तव्यावर चालणं.

उरलेल्या क्षारांचं काय?

पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच तो फरशीवर आणि पाइपमध्ये बसतो. त्यामुळे अधूनमधून थोडं पाणी बदलावंच लागतं. धुळीमुळे फिल्टरही उलट्या दिशेने पाणी सोडून वारंवार धुवावे लागतात. हे पाणी गटारात सोडण्याऐवजी टाकीत साठवून, क्लोरीन उतरल्यावर, क्षार सोसणाऱ्या झाडांना देता येतं. पण त्यासाठीची टाकी आणि वेगळी पाइपलाइन सुरुवातीच्या नकाशातच हवी. नंतर फरशी फोडून ती घालणं महागात पडतं.

कव्हरचंही तसंच. ते गुंडाळायचा रूळ मोटरवर चालणारा असेल आणि पूलच्या काठाशीच असेल, तर संध्याकाळी एकटा कर्मचारीही ते अंथरू शकतो. चार माणसांनी ओढावं लागणारं कव्हर महिन्याभरात कोपऱ्यात पडून राहतं आणि पाणी उडत राहतं.