धूळपाटी, औटकी आणि नांगराची निशाणी

दोनशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेत नव्याने बसवलेल्या मुलाच्या हाती पुस्तक येत नसे. त्याच्यापुढे येई एक लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली बारीक धूळ आणि अक्षर काढण्यासाठी एक काडी. अक्षर काढायचे, दाखवायचे, धूळ सारखी करून ते पुसायचे आणि पुन्हा काढायचे. कागद महाग होता. धूळ फुकट होती. कोणत्याही विद्येच्या आरंभाला आपण आजही 'धुळाक्षरे गिरवणे' म्हणतो, ते ह्या फळीमुळे.

आरंभासाठी मराठीत आणखी दोन शब्द आहेत आणि तेही ह्याच शाळेतले. 'श्रीगणेशा' उघड आहे. 'ओनामा' मात्र 'ॐ नमः सिद्धम्' ह्या वाक्याचे बालमुखी रूप होय. हे वाक्य जैन परंपरेतून आले की कातंत्र व्याकरणाच्या पहिल्या सूत्राशी त्याचा संबंध आहे, ह्यावर मतभेद आहेत. ते जुने आहे एवढे खरे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेल्या इत्सिंग ह्या चिनी भिक्षूने नोंदवले आहे की येथील मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाचा वर्णपाठ शिकू लागतात आणि सहा महिन्यांत तो पुरा करतात. म्हणजे पहिल्या वर्षाचा पहिला धडा हजार वर्षे फारसा बदलला नव्हता.

ह्या शाळेत 'पहिली' नावाचा वर्ग नव्हता. ज्याचे जेवढे झाले तेवढे तो पुढे जाई आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. ह्या रीतीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. अँड्र्यू बेल ह्या धर्मोपदेशकाने मद्रासेत देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले, ती युक्ती आपल्या अनाथाश्रमात आणली, मुलांकडूनच मुलांना शिकवण्याच्या रीतीची तिला जोड दिली आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढे बेल आणि लँकेस्टर ह्यांच्या नावांनी ती पद्धत गाजली आणि १८२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या शाळांमध्ये 'सुधारलेली इंग्रजी पद्धत' म्हणून परत आली!

मूळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे झाली की अंक, आणि अंकांनंतर पाढे. येथे आजच्या वाचकाने जरा थांबावे. दोन ते तीसपर्यंतचे पाढे हा ह्या शिक्षणाचा सोपा भाग होता. खरी परीक्षा अपूर्णांकांच्या पाढ्यांची: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. 'औट' म्हणजे साडेतीन. संतवाङ्मयात मानवी देहाला 'औट हात' म्हटले जाते तो हाच शब्द. संध्याकाळी दिवेलागणीला घरी बसून मुले हे सारे मोठ्याने म्हणत, त्याला 'परवचा' म्हणत.

ही निव्वळ घोकंपट्टी होती असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर, पायलीचे चार शेर, मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण: ज्या बाजारात मापे चारात, सोळात आणि विसात मोडतात, तेथे पाव, सव्वा आणि औट पाठ असणे हीच गणनयंत्राची सोय होती. साडेतीन आणे भावाने सात शेर घेतले तर किती झाले? सातांचे औट साडेचोवीस; साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. पाटीला हात न लावता दहा वर्षांचे पोर हे सांगे. पहिल्या काही वर्षांतला सारा अभ्यासक्रम दुकानाच्या आणि दफ्तराच्या गरजेवर बेतलेला होता.

त्या दफ्तराची लिपी होती मोडी. बाळबोध अक्षर पोथीचे. हिशेब, पत्र, करार आणि जमीनमहसुलाचे कागद मोडीचे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे, पण तेथे आग्रह आहे तो बाळबोध अक्षराच्या सुबकपणाचा. मोडीची कसोटी वेगळी: हात न उचलता, भरभर. ज्याला मोडी येते त्याला चाकरी मिळते, हे पालकांना कोणी सांगावे लागत नसे.

मग ह्या फळीसमोर बसत कोण? १८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट ह्या अधिकाऱ्याने लिहिले की इलाख्यात शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल आणि शेतकरी व किरकोळ व्यापारीदेखील आपला हिशेब चोख ठेवतात. धरमपाल ह्यांच्या १९८३ सालच्या पुस्तकापासून हे विधान वारंवार उद्धृत होते आणि त्यावरून 'इंग्रज येण्यापूर्वी सर्वांना शिक्षण होते' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष उतावळा आहे. पंतोजींच्या शाळेत मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी अशा लेखणी आणि तराजूवर जगणाऱ्या जातींची मुले असत. मुली जवळजवळ नसत. अस्पृश्य मानलेल्यांना तर दार बंदच होते. शेतकऱ्याला तोंडी हिशेब येत असेलही. पण तोंडी हिशेब येणे आणि दुसऱ्याने मोडीत लिहिलेला हिशेब वाचता येणे ह्यांत फार अंतर आहे, आणि दख्खनच्या कुणब्याचे घर त्याच अंतरात बुडाले.

जुन्या कागदांच्या तळाशी ह्याचा पुरावा आहे. सही न येणारा शेतकरी नांगराचे चित्र काढी आणि शेजारी लिहिणारा 'निशाणी नांगर' अशी नोंद करी. स्त्रीची निशाणी बांगडी, शिपाईगड्याची कट्यार. निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिले आहे हे लिहिणाराच वाचून दाखवी. रक्कम पन्नास की पाचशे, व्याज रुपयाला महिना एक पैसा की एक आणा, हे त्याला त्याच्या तोंडून कळे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ह्या दंग्यांत माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने कमी झाले. जमावाने मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले तेथे जाळले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी कागदाची ताकद नेमकी ओळखली होती. चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे, अशी त्यात तरतूद होती. तरतूद चांगली, पण ज्याच्या हातात ते पुस्तक पडणार त्याला ते वाचून दाखवायला पुन्हा कोणाकडे तरी जावेच लागणार होते.

ही गाठ महात्मा फुले ह्यांनी इतरांपेक्षा लवकर पाहिली. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ताबाई ह्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ह्याची यादीच दिली: मोडी आणि बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. ह्या यादीत मोडी पहिल्या काही शब्दांतच येते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्या लिपीत कुणब्याचे कर्ज लिहिले जात होते, ती लिपी त्यांना कुणब्याच्या पोराच्या हाती हवी होती. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लेखणीवाल्यांच्या लबाडीचे जे वर्णन येते, त्याशेजारी ही यादी ठेवून पाहावी.

सरकारी शाळेचा ओघ मात्र दुसरीकडे वळला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेजर थॉमस कँडी ह्यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली आणि छपाईसाठी सोयीची बाळबोध लिपी पहिल्या वर्षाची मालकीण झाली. धुळीची जागा दगडी पाटीने घेतली. लिहिता लिहिता वाचायला शिकण्याऐवजी मूल छापील पान वाचू लागले. मोडी पुढच्या इयत्तांत टिकून राहिली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, दरवर्षी थोडी क्षीण होत. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेली मुले हळूहळू पहिलीच्या वर्गात आली. तोवर त्या वर्गातले जुने ज्ञान बाहेर पडू लागले होते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून शेर आणि मण जाऊन किलो येऊ लागला. औटकीला बाजारात काम उरले नाही. पाव, दीड, अडीच बोलण्यात राहिले, त्यांचे पाढे गेले.

मोडीचे काम मात्र संपलेले नाही. २०२३ साली राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दफ्तरे बाहेर काढली गेली, त्यांत असंख्य कागद मोडीत निघाले, आणि पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली.