किनारा गमावलेलं संस्थान

आमच्या वेंगुर्ल्याहून सावंतवाडी पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर. सकाळी मासळीची पाटी घेऊन गेलेली बाई दुपारी घरी परत येते. पण याच वाटेवर शंभराहून जास्त वर्षं दोन राज्यं होती. वाडीत भोसले संस्थानिक आणि वेंगुर्ल्यात इंग्रज सरकार.

सावंतवाडी संस्थान लहानच. सुमारे ९२५ चौरस मैलांचं आणि १९०१ सालच्या खानेसुमारीत दोन लाख सतरा हजार वस्तीचं. अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य ऱ्होड आयलंड. त्याची जमीनही हजार-एक चौरस मैलच भरते. म्हणजे दोघी जवळजवळ एका मापाच्या. नशीब मात्र वेगवेगळं.

ऱ्होड आयलंडची गोष्ट आम्हांला आवडते, कारण तिथे एक बाई आहे. अॅन हचिन्सन. मॅसॅच्युसेट्समध्ये ती आपल्या घरी बायकांना जमवून चर्चमधल्या प्रवचनावर चर्चा करायची. आपली बचत गटाची बैठक असते, तशीच म्हणा ना! तिथल्या धर्माधिकाऱ्यांना आणि कारभाऱ्यांना ते खपलं नाही. १६३७ मध्ये तिला हद्दपारीची शिक्षा झाली. ती माणसं या खाडीकाठी येऊन राहिली. दुसऱ्यांनी हाकललेल्यांचं हे गाव पुढे राज्य झालं. खाडी आणि बंदरं त्यांच्या हातात राहिली, त्यावर ते श्रीमंत झाले. (त्या श्रीमंतीत गुलामांचा व्यापारही होता, तेही सांगायला हवं.) अमेरिकेची राज्यघटना मान्य करायला तेरा राज्यांत सगळ्यांत शेवटी तयार झालं तेही हेच, १७९० मध्ये. आणि तिथल्या सिनेटमध्ये राज्य केवढंही असो, प्रत्येकाचे सभासद दोनच. त्यामुळे लहानाला मोठ्याइतकाच आवाज.

आमच्या वाडीला असा कोणताही नियम राखायला नव्हता. एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज, आणि समुद्रावर इंग्रज. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला. पेडणंही पुढे त्यांच्याकडे गेलं. सावंतांची गलबतं समुद्रात जहाजं अडवत. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. तेच कारण पुढे करून १८१२ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्याचं बंदर तहात घेतलं. त्यानंतर गादीवर लहान मूल होतं, कारभार राणी दुर्गाबाईंच्या हाती. ही बाई नमणारी नव्हती. कोल्हापूरकरांच्या ताब्यातले किल्ले तिने घेतले आणि इंग्रजांशीही खटका घेतला. पण ती गेली, आणि १८१९ च्या तहात कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा सगळा किनारा इंग्रजांकडे गेला.

झालं! राज्य समुद्राकाठी, पण समुद्र दुसऱ्याचा. बंदराची जकात गेली, मिठागरांचं गाव शिरोडं गेलं. मे १९३० मध्ये शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तो इंग्रज मुलुखात. वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाटावर, बेळगावकडे माल जायचा. पुढे रेल्वे मुरगावला पोहोचली आणि आमचा धंदाही ओसरला. म्हणजे ज्यासाठी वाडीचं हे बंदर घेतलं, ते घेणाऱ्यांनाही फार काळ पुरलं नाही.

वाडीवाले मात्र हातच्या कामावर टिकले. चितारआळीतली लाकडी फळं-खेळणी, गंजिफाचे रंगीत पत्ते. गंजिफा मरणाला टेकला होता, तो शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा जिवंत केला. समुद्र नसलेल्याला सुतार-चिताऱ्यांचा आधार, असं आमचं मत.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि वाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली. वेंगुर्ल्याची आणि तिची अशी १३६ वर्षांनी पुन्हा गाठ पडली. १ मे १९८१ ला दोघीही सिंधुदुर्गात आल्या. तेरेखोल मात्र नदीच्या आपल्याच काठावर असूनही गोव्यातच आहे. आमच्या रेडीच्या बायका चालत तिकडे जातात, तेव्हा राज्य ओलांडतात.